खळ्यावरचे बूट

आमच्या कॉलेजला मैदान नव्हतं असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. मैदान होतं. पालघरच्या आमच्या कॉलेजच्या मागे चांगली ऐसपैस जागा होती, तिच्या दोन टोकांना लोखंडी खांब होते आणि खांबांवर बास्केटबॉलच्या दोन रिंगा होत्या. फक्त पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचायचं आणि बेडूक एका रिंगेखालून दुसऱ्या रिंगेखाली पोहत जायचे. दिवाळीनंतर पाणी आटलं की काळ्या मातीला एवढ्या भेगा पडायच्या की धावताना पाय आत जाऊन मुरगळायचा. कॉलेजच्या वार्षिक अहवालात मात्र दर वर्षी ‘सुसज्ज क्रीडांगण’ असे शब्द असत. ते वाचून आम्ही पोट धरून हसायचो.

ऐंशी सालच्या आगेमागेची ही गोष्ट. मुलींचा बास्केटबॉलचा संघ कॉलेजात नुकताच निघाला होता आणि तो चालवायची जबाबदारी अर्थशास्त्राच्या सरांवर पडली होती, कारण सगळ्या प्राध्यापकांत तेच उंच होते. सरांनी आयुष्यात बॉल हातात धरला नव्हता. पण माणूस मनापासून काम करणारा. नियमांचं पुस्तक मागवून त्यांनी ते परीक्षेसारखं पाठ केलं आणि आम्हाला वर्गात फळ्यावर बास्केटबॉल शिकवला. खडूने गोल, बाण, फुल्या. पहिला महिनाभर आम्ही बाकांवर बसूनच बास्केटबॉल खेळलो म्हणायला हरकत नाही.

संघात आम्ही होतो मोजून आठजणी. कुणी केळव्याची, कुणी त्याच्या शेजारच्या माहीमची, एक सातपाटीची. तिच्या घरी मासेमारी होती. लहानपणापासून माशांच्या पाट्या उचलून तिचे हात असे तयार झाले होते की तिच्या हातातला बॉल हिसकावून घ्यायची कुणाची छाती होत नसे. मी पालघर गावातली. उंचीने बेताची आणि डोक्याने गरम. मला संघात का घेतलं असं एकदा सरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की तुला घेतलं नसतं तर तू भांडली असतीस. हे खरं होतं.

आणि आमची कॅप्टन. कोळगावच्या बाजूला तिच्या वडिलांची भातशेती आणि थोडी वाडी होती. केळी, नारळ, चार भाज्या. ती रोज सायकलवरून कॉलेजात यायची. सडपातळ, लांब हातांची आणि बोलायला अगदी कमी. मैदानावर मात्र तिला न बघताच कळायचं की कोण कुठे उभं आहे. मी चुकीच्या जागी गेले तरी बॉल माझ्याच हातात यायचा, म्हणजे मी चुकणार हेही तिला आधी ठाऊक असायचं. शिवाय इतकी गुणी मुलगी माझ्यासारखीशी मैत्री करते याचं माझ्या आईला फार नवल वाटायचं.

मैदानावर खेळता येत नाही हे कळल्यावर तिनेच एक दिवस सुचवलं की आमच्या खळ्यावर खेळू या. भात झोडून वाळवायची जी जागा, ते खळं. तिच्या घरामागे ते होतं, चोपून चोपून दगडासारखं घट्ट केलेलं, शेणाने सारवलेलं, इतकं स्वच्छ की पडलेला दाणा बोटाने उचलावा. कडेला एक ताड होता, वीज पडून शेंडा गेलेला, नुसता बुंधा उभा. त्याच्यावर सरांनी कॉलेजची जुनी रिंग ठोकून घेतली, मागे फणसाच्या फळ्या लावल्या आणि पुस्तकात बघून उंचीही मोजली. आमचं मैदान तयार झालं. रिंग एकच होती, पण आम्ही कुठे दोन संघ होतो.

खळ्याचे मालक म्हणजे कॅप्टनचे वडील. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ठेंगणे, कानावर विडी, खांद्यावर पंचा आणि बोलणं असं की रागावलेत की थट्टा करताहेत ते समजायला वेळ लागायचा. पहिल्या दिवशी आम्ही चपला घालून खळ्याच्या कडेपर्यंत आलो, तर ते खाटेवरून उठून उभेच राहिले.

“पोरींनो, चपला तिकडं. खळ्यावर लक्ष्मी असते. देवळात जाता तवा घालता काय पायात?”

आम्ही चपला काढल्या. कडेला एका ओळीत लावून ठेवल्या. तेव्हापासून ती सवयच झाली. सायकली भिंतीला, चपला ओळीत, मग खळ्याला हात लावून नमस्कार आणि खेळ. नमस्कार करायला काकांनी सांगितलं नव्हतं, पण कॅप्टन करायची म्हणून आम्हीही करायला लागलो. सर पहिल्यांदा आले तेव्हा मोजे काढायला विसरले, तर काकांनी त्यांनाही परत पाठवलं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक कडेला एका पायावर उभे राहून मोजा ओढताहेत, हे दृश्य आम्हाला वर्षभर पुरलं.

काकांचं दुसरं म्हणणं होतं की बॉल आपटायचा नाही. आपटला की सारवणाचे पोपडे निघतात. आता बास्केटबॉलमध्ये बॉल आपटत आपटतच पुढे जायचं असतं, हे सरांनी त्यांना पुस्तक उघडून दाखवलं. काकांनी चित्रं बघितली, पुस्तक परत दिलं आणि म्हणाले की तुमच्या पुस्तकातलं खळं शेणाचं नाय. विषय संपला. मग आम्ही बॉल जमिनीला न लावता खेळायला शिकलो. हातात आला की लगेच दुसरीकडे, तिच्याकडून तिसरीकडे, आणि जिच्या हातात नाही तिने धावत सुटायचं. चुकून कुणी आपटलाच तर खाटेवरून काकांचा आवाज यायचा आणि त्या आवाजापुढे सरांची शिट्टी काहीच नव्हती. हळूहळू तेच आमचे पंच झाले. नियम त्यांना माहीत नव्हते, पण कोण लबाडी करतंय हे बरोबर कळायचं. बहुतेक वेळा मीच असायचे.

दिवाळीनंतर भात आलं तेव्हा आमच्या खेळावर गदा आली. खळ्यावर भाऱ्यांच्या उडव्या रचल्या गेल्या आणि झोडणी सुरू झाली. एका बाजूला लाकडी बाक मांडायचा, पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावरून घेऊन त्याच्यावर आपटायची, दाणे खाली, पेंढा बाजूला. आम्ही कडेला चपला काढून आशेने उभ्या. काका म्हणाले, “उभ्या हाव तर हात लावा. लवकर झोडून झाला तर लवकर खेळाल.” मग काय, अख्खा संघ झोडणीला लागला. पहिल्या दिवशी मला संध्याकाळी केसांची वेणी घालता येईना, इतके खांदे भरून आले. पण त्या झोडणीने आमच्या हातांत जी ताकद आली, ती सरांच्या कुठल्याही व्यायामाने आली नव्हती. काकूंच्या हातचा तांदळाच्या कण्यांचा गोड पदार्थ रोज मिळायचा तो वेगळाच. त्यासाठी मी झोडणी आणखी दोन महिने चालवली असती.

त्याच दिवसांत पेंढ्याच्या ढिगावर बसून कॅप्टनने मला तिच्या मनातलं सांगितलं. तिला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. पदवी झाल्यावर त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम असतो, त्याला मुंबईकडे राहून शिकावं लागतं, हे तिने सरांकडून जाणून घेतलं होतं. आणि इकडे केळव्याच्या बाजूचं एक चांगलं स्थळ आलेलं. मुलगा सज्जन, घर ओळखीचं, वाडी मोठी. काकांना नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. तिने काकांना सांगून बघितलं होतं. काका विचार करून म्हणाले होते की खेळ येतो असं घरातल्यांनी म्हणून काय उपयोग, बाहेरचं कुणी म्हणू दे. जानेवारीत बोईसरला कॉलेजांच्या स्पर्धा होत्या आणि तिथे विभागाच्या संघासाठी मुली निवडणार होते. त्यात तिची निवड झाली तर ती पुढे शिकायला जाईल. नाही झाली तर वैशाखात लग्न.

मला काकांचा भयंकर राग आला. मी तावातावाने काहीबाही बोलले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली की त्यांनी नाही म्हटलेलं नाही, वाट ठेवली आहे. माझ्या डोक्यात ते शिरलं नाही, पण त्या दिवसापासून मी सरावाला एकदाही उशिरा आले नाही.

स्पर्धेच्या थोडे दिवस आधी कॉलेजने आम्हाला बूट दिले. पांढरे कॅनव्हासचे, नवे कोरे. सरांनी नियमाच्या पुस्तकात बोट ठेवून सांगितलं की स्पर्धेत अनवाणी चालणार नाही. आम्ही बूट घरी नेले, आरशासमोर घालून बघितले, खडू लावून आणखी पांढरे केले आणि परत पिशवीत ठेवले. घालून खेळणार कुठे? मैदानाला भेगा आणि खळ्यावर लक्ष्मी. सर म्हणाले, बूटच तर आहेत, त्यात काय शिकायचं.

बोईसरला आम्ही एस.टी.ने गेलो. काकाही बरोबर आले. त्यांना म्हणे बोईसरच्या बाजारातून दोरखंड घ्यायचा होता. पालघरला दोरखंड मिळत नाही असं आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. कॅप्टन खिडकीजवळ बसून बाहेर बघत होती आणि काका दोन रांगा मागे बसून तिच्या डोक्याकडे बघत होते.

मैदान तारापूरच्या बाजूला एका मोठ्या कॉलनीत होतं. अशी जागा मी तोवर पाहिली नव्हती. सिमेंटचं गुळगुळीत मैदान, त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या रेघा, दोन्ही बाजूंना खऱ्या रिंगा आणि रिंगांना चक्क जाळ्या. कडेला बाकं, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. वाऱ्याबरोबर कारखान्यांचा उग्र वास यायचा, पण कॉलनीतल्या लोकांना तो येत नसावा. आमच्याशी खेळायला बोईसरकडच्या कॉलेजचा संघ होता. त्यातल्या बऱ्याच मुली कॉलनीत वाढलेल्या, एकमेकींशी हिंदीत बोलणाऱ्या, केस आखूड कापलेल्या. त्या आधीच मैदानावर होत्या आणि त्यांचा बॉल असा टणाटण उसळत होता की आम्ही बघतच राहिलो.

मग आमचं नाव पुकारलं. कॅप्टन पुढे आणि मागे आम्ही, अशा रुबाबात मैदानाकडे निघालो. रेघेपाशी पोचल्यावर कॅप्टन थांबली, वाकली, बूट काढले आणि कडेला ठेवले. तिच्यामागे सातपाटीची, मग मी, मग सगळ्या. आठ जोड बूट ओळीत लागले. आम्ही मैदानाला हात लावून नमस्कार केला आणि आत गेलो. यात काही वावगं आहे हे आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

मग बाकांवरून हसू आलं. पंच धावत आले. त्यांना वाटलं आम्ही कसला तरी निषेध करतोय. सर बिचारे बाजूला उभे राहून हवेतच बूट चढवायच्या खुणा करत होते. समोरच्या संघातली एक मुलगी आमच्या बुटांच्या ओळीकडे बघून हसत सुटली, तेव्हा मी तिचा चेहरा नीट लक्षात ठेवला. आम्ही परत रेघेपाशी आलो, खाली बसलो आणि सगळ्यांच्या देखत बूट घातले. कॅप्टनचे कान लाल झाले होते. प्रेक्षकांत मी काकांकडे बघितलं. तेवढ्या माणसांत ते एकटे हसत नव्हते.

पहिला अर्धा डाव आठवला की अजूनही हसू येतं, तेव्हा मात्र रडू आलं होतं. सरांनी सांगितलं होतं की इथे सिमेंट आहे, आता मनसोक्त बॉल आपटा. आम्ही आपटला. तो एवढा उसळला की सातपाटीच्या मुलीच्या डोक्यावरून गेला. पायात बूट म्हणजे पायांवर कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं. थांबायचं तिथे थांबता येईना, वळायचं तिथे वळता येईना. अनवाणी चालून कॅप्टनचे पाय पुढे रुंद झालेले, तिला बूट घट्ट होत होते. ती दोनदा घसरून पडली. निवड करायला आलेल्या बाई समोरच छत्रीखाली बसल्या होत्या, साडीवर पांढरे बूट घातलेल्या. त्यांनी आमच्याकडे बघणंसुद्धा सोडून दिलं होतं. आणि मी, तो लक्षात ठेवलेला चेहरा समोर आला की त्याच्यावर जाऊन आदळत होते. माझे फाऊल वाढत होते.

मध्यंतरात आम्ही रेघेच्या आतच बसलो. तेवढ्यात काका पाण्याचा तांब्या घेऊन आले. मैदानाच्या रेघेपाशी त्यांनी वहाणा काढल्या, आत आले, एकेकीच्या ओंजळीत पाणी ओतलं, लेकीला शेवटी. परत जाताना वहाणा पायात घातल्या. कॅप्टन त्या वहाणांकडे बघत होती. मग ती आमच्याकडे वळली.

“हे आपलं खळं आहे असं समजा,” ती म्हणाली. “बॉल आपटायचा नाय.”

एवढंच. पण ते पुरेसं होतं. उरलेल्या अर्ध्या डावात आम्ही बॉल जमिनीला लावलाच नाही. हातातून हातात, हातातून हातात. समोरच्या मुली बॉलमागे धावायच्या, तोवर तो तिसरीकडेच. कॅप्टन बुटांत लंगडत होती, पण तिचे हात नेहमीसारखेच चालत होते. सातपाटीची रिंगेखाली उभी राहून अशी काही बॉल घ्यायची की जणू झोडणीची पेंढीच उचलतेय. प्रेक्षकांतलं हसणं थांबलं आणि मग तेच लोक आमच्या बाजूने टाळ्या वाजवायला लागले. मला हे सगळं बाकावरून बघावं लागलं, कारण पाचवा फाऊल करून मी तोवर बाहेर गेले होते. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. मी कॅप्टनकडे बघू शकले नाही.

सामना संपल्यावर त्या निवडीच्या बाई उठून आमच्याकडे आल्या. त्यांनी कॅप्टनला विचारलं की बॉल न आपटता खेळायला कुणी शिकवलं. तिने खरं ते सांगितलं. खळ्यावर पोपडे निघतात म्हणून. बाई मोठ्याने हसल्या. पण नंतर त्यांनी जे सांगितलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तुझं पासिंग मला हवं आहे, त्या म्हणाल्या, विभागाचा संघ शिबिरातून निवडतात, त्या शिबिराच्या यादीत तुला घेते. पण तुला बुटात धावता येत नाही. शिबिरात पहिल्याच दिवशी बघेन आणि तेव्हा जमलं नाही तर परत पाठवीन.

परतीच्या एस.टी.त काका माझ्या शेजारी येऊन बसले. हातात नवा दोरखंड होता. त्यांनी मला हळूच विचारलं की निवड झाली की नाही. मी म्हटलं, अर्धी झाली.

“मग अर्धा लगीन करू काय?” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. पण वाटेत उमरोळी मागे पडेपर्यंत ते दोरखंडाचं टोक सोडवत आणि परत वळत होते.

शिबिराला थोडेच दिवस राहिले होते. कॅप्टनने सातपाटीच्या मुलीबरोबर बूट बदलून घेतले, ते तिला पायात नीट बसले. आता प्रश्न होता सराव करायचा कुठे. मैदानावर भेगा होत्याच. मी म्हटलं, काकांना विचारते, थोडे दिवस खळ्यावर बूट घालू देतील. तिने माझा हात धरला. ती कधी कुणाचा हात धरत नसे.

“नाय विचारायचं. ते नाय म्हणाले तर चालेल मला. हो म्हणाले आणि मग जेवले नाय तर?”

खळ्यावर अजून शेवटची रास पडलेली होती. मी गप्प बसले. आयुष्यात मी फार थोड्या वेळा गप्प बसले आहे, त्यातली ही एक.

मग आम्ही दोघी सकाळी सकाळी रस्त्यावर सराव करायला लागलो. डांबर जुनं, कडेला खडी निघालेली. ती बूट घालून धावायची, मी बॉल टाकायचे. दूधवाले सायकलची घंटी वाजवत जायचे. एक कुत्रा आमच्या संघात कायमचा सामील झाला होता, आणि पासिंग त्याचं माझ्यापेक्षा बरं होतं. पण दगडगोट्यांत पळताना तिचं अर्धं लक्ष खालीच असायचं. अशातच एक दिवस कारखान्यांकडे जाणारा एक ट्रक वळणावरून भरधाव आला. ती बाजूला उडी मारायला गेली, बूट खडीवर घसरला आणि ती सरळ रस्त्याकडेच्या चरात. खरचटलं होतं, बाकी काही नाही. मी ट्रकमागे शिव्या देत धावले. परत आले तर काका तिथे उभे. गवताचा भारा घेऊन घरी चालले होते. त्यांनी भारा खाली ठेवला, चरातला बॉल काढला, पंच्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. लेकीच्या बुटांकडे एकदा बघितलं. मग भारा उचलून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घ्यायला गेले. घराला वळसा घालून मागे आले आणि थबकले. खळ्यावरची रास दिसत नव्हती. ती ओटीवर नेऊन, वर गोणपाट घालून ठेवली होती. खळं नुकतं सारवलेलं, अजून ओलसर. ताडाच्या बुंध्यापाशी उदबत्ती जळत होती आणि नारळ फोडलेला होता. आणि खळ्याच्या अगदी मधोमध, स्वच्छ धुतलेले, शेजारी शेजारी ठेवलेले, कॅप्टनचे पांढरे बूट.

कॅप्टन कडेला अनवाणी उभी होती. काका खाटेवर बसलेले, तेही अनवाणी. हातांना शेण लागलेलं.

“घाल,” ते म्हणाले.

“बाबा, खळं आहे.”

“मला म्हाईत नाय काय? लक्ष्मीला सांगितलाय मी. घाल गो.”

ती खळ्यावर गेली. सवयीने वाकून जमिनीला हात लावला. मग तिथेच खाली बसून तिने बूट घातले. नाडी बांधायला तिला फार वेळ लागला, कारण तिला दिसत नव्हतं. माझंही तेच झालं होतं, म्हणून मी उगाच घाईघाईने पिशवीतून माझे बूट काढायला लागले.

काका माझ्यावर डाफरले. तुझी निवड झाली काय, म्हणाले, तू अनवाणीच खेळ. मग त्यांनी आम्हाला दोघींना खोबऱ्याचा एकेक तुकडा दिला. आपल्या वाट्याचा हातात धरून ते खाटेवर जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा उलटं ओरडले, “आपट आता. आपट किती आपटायचाय तो.”

त्या दिवसांत तिने बुटांत धावायला, थांबायला आणि वळायला शिकून घेतलं. खळ्याचे पोपडे निघाले, काका रोज त्यांच्याकडे बघत आणि तोंड दुसरीकडे फिरवत. शिबिरातून तिला परत पाठवलं नाही. केळव्याचं ते स्थळ दुसरीकडे जमलं आणि त्या लग्नाला आम्ही सगळ्या जेवायलाही गेलो. कॅप्टन पुढे शिकली, खेळाची शिक्षिका झाली आणि कितीतरी मुलींना तिने बॉल आधी न आपटता आणि मग आपटून खेळायला शिकवलं.

ती शिबिराला गेल्यावर खळ्यावर कुणी खेळलं नाही. उन्हाळ्यात काकूंना पापड वाळवायचे होते, म्हणून त्यांनी खळं सारवायला शेण कालवलं. मी तेव्हा तिथेच होते, पापड लाटायच्या नावाखाली लाट्या खायला. खळ्यावर तोपर्यंत बुटांचे ठसे तसेच होते. ताडाखाली, जिथून ती रिंगेकडे उडी घ्यायची, तिथे तर तळव्याची नक्षीसुद्धा ओल्या सारवणात उमटून वाळली होती. काकूंनी त्या बाजूने सुरुवात केली, तर काका म्हणाले, तेवढा राहू दे. काकूंनी पापड ओसरीवर वाळवले.

पावसाने धुऊन नेईपर्यंत ते ठसे तिथे होते. खळ्यावरून जाता-येता काका त्यांना वळसा घालून जात, भाताच्या राशीला पाय लागू नये म्हणून घालत तसा.